पावसाळ्यात व्हीलचेअरवरून कामावर: आधी साठ मीटरची वाट बांधा

वाचकाचं पत्र: मी ३४ वर्षांचा आहे. अपघातात मणक्याला मार बसल्यापासून कमरेखाली हालचाल नाही, जाणीवही नाही. आमचं गाव पिरनवाडीच्या पुढं, आणि काम बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात, हिशेबाचं. माझ्याकडं घडीची ॲल्युमिनियमची व्हीलचेअर आहे आणि बाजूला दोन चाकं बसवलेली स्कूटर आहे. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत साठ मीटर मातीची गल्ली आहे. उन्हाळ्यात कुणाच्या मदतीशिवाय जातो-येतो. जून लागला की खुर्चीची पुढची चाकं राडीत रुततात, भावाला उचलून न्यावं लागतं, ऑफिसात भिजून पोचतो. गेल्या जुलैत बरेच खाडे झाले. बर्फाच्या देशांत लोक व्हीलचेअरवरून कामाला जातात, त्यांचे व्हिडिओ बघतो. त्यांच्याकडं खिळ्यांचे टायर असतात, चाकाखाली लावायच्या पट्ट्या असतात. तसं काही मागवू का? की पावसाळ्यात नोकरीचा नाद सोडू?

उत्तर:

नमस्कार. नोकरी सोडू नका, आणि ते टायरही एवढ्यात मागवू नका. तुमच्याच पत्रात दिसतंय की डांबरी रस्ता तुम्हाला अडवत नाही. अडवते ती साठ मीटरची गल्ली, आणि त्यानंतर खुर्चीतून गाडीत व गाडीतून खुर्चीत जाण्याची दोन ठिकाणं. पहिला पैसा आणि पहिला रविवार तिथंच खर्च करा. मिरग लागायला अजून तीन आठवडे आहेत, तेवढ्यात हे काम होतं. आर्द्रा सुरू झाल्यावर खडीची गाडी गल्लीत शिरणार नाही.

चाकं का रुततात ते आधी समजून घ्या, म्हणजे गावातला गवंडी सुचवेल त्यातलं काय घ्यायचं ते कळेल. घडीच्या खुर्चीची पुढची चाकं आठ इंचांची आणि जेमतेम एक इंच रुंद असतात. तुमच्या वजनाचा मोठा हिस्सा त्या एवढ्याशा पट्टीवर येतो. रुतल्यावर माणूस जोर लावण्यासाठी पुढं वाकतो, तसा भार आणखी पुढं जातो आणि चाक आणखी खोल बसतं. म्हणून राडीत जोर करून फायदा नाही. वाट कडक करायची, किंवा पुढच्या चाकांवरचा भार काढायचा, हे दोनच उपाय आहेत.

वाट कडक करताना बहुतेक लोक ट्रॉलीभर मुरूम ओततात. खानापूरकडच्या तांबड्या मुरमात मातीचा अंश बराच असतो. पहिल्या सरीत तो छान दबतो आणि आठवड्याभराच्या झडीत पुन्हा चिखल होतो. जांभ्याचा चिरा आपल्याकडं सहज मिळतो, पण तो पाणी धरतो आणि त्यावर शेवाळ लवकर चढतं, तेव्हा चाकाच्या वाटेत तो नकोच. नुसती खडी पसरणं तर सगळ्यात वाईट. मोकळ्या खडीत पुढचं चाक आडवं फिरून अडकतं आणि माणूस तोंडावर जातो.

टिकणारं काम असं करा. १२० सेंटीमीटर रुंदीची वाट आखा. खुर्चीला ९० पुरतात, पण भाऊ शेजारून चालणार असेल तर ती जागा लागते. वरची मऊ माती दहा-पंधरा सेंटीमीटर खरवडून काढा. तळाला विणलेल्या प्लॅस्टिकची खताची रिकामी पोती उसवून, एकावर एक वीतभर चढवून अंथरा. ही पोती खालचा चिखल खडीत वर येऊ देत नाहीत. ती घातली नाहीत तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत खडी मातीत गडप होते. तागाची पोती कुजतात, ती वापरू नका. पोत्यांवर ४० मिलिमीटर खडीचा दहा सेंटीमीटर थर द्या आणि धुमसानं चोपा. त्यावर क्रशरची चुरी पाच सेंटीमीटर पसरा, पाणी मारून ओली करा आणि पुन्हा चोपा. चुरीतली बारीक पूड ओली होऊन खडीच्या फटीत बसते आणि पृष्ठभाग बांधला जातो. कोरडी चुरी चोपून काही होत नाही. साठ मीटरला खडी सुमारे तीन ब्रास आणि चुरी दीड ब्रास लागेल. दबून कमी होणारा माल यात धरलेला आहे.

वाटेला एका बाजूला थोडा उतार ठेवा. १२० सेंटीमीटर रुंदीत अडीच सेंटीमीटर पुरे. त्यापेक्षा जास्त दिला तर खुर्ची सारखी खालच्या बाजूला ओढली जाईल आणि एकाच हाताला सगळा ताण येईल. जमिनीचा चढ ज्या बाजूला आहे तिकडं वीतभर खोल चर मारा, म्हणजे वरचं पाणी वाटेवरून न वाहता चरीतून जाईल. बऱ्याच वाटा वाहून जातात त्या चर न मारल्यामुळं. गल्ली जिथं डांबराला मिळते तिथं गटार असणार. त्यावर जाळी असेल तर तिच्या पट्ट्या तुमच्या जाण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि फट १२ मिलिमीटरपेक्षा मोठी नको. उभ्या पट्ट्यांच्या फटीत पुढचं चाक सरळ खाली जातं.

बजेट असेल तर दहा सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा पट्टा सगळ्यात उत्तम. ओला असतानाच त्यावर खराट्यानं आडव्या रेघा ओढायला सांगा. घोटून गुळगुळीत केलेलं काँक्रीट दिसायला चांगलं, पण पावसात त्यावर थांबता येत नाही.

यंदा यातलं काहीच जमलं नाही तर वापरून काढून टाकलेला कन्व्हेयर बेल्ट शोधा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळं भंगारवाल्यांकडं असे पट्टे येतात. ९० सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद पट्टा घ्या, खरखरीत बाजू वर करा आणि दोन्ही कडांना दोन-दोन मीटरवर लोखंडी खुंट्या मारा. खुंटीचं डोकं पट्ट्याच्या वर राहू देऊ नका. दर चार दिवसांनी खराट्यानं चिखल काढला नाही तर तोही निसरडा होतो. प्लायवूड अंथरणार असाल तर वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून ठोका. उघडं ओलं प्लायवूड धोक्याचं.

गल्लीसाठी ग्रामपंचायतीकडंही अर्ज करा. पंचायतीच्या स्वनिधीतला ठरावीक वाटा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, आणि वहिवाटीची गल्ली हे तसंही पंचायतीचंच काम आहे. कर्नाटकात पंचायत पातळीवर दिव्यांगांसाठी ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो आणि तालुक्याला त्याच्या वरचा कार्यकर्ता असतो. अर्ज त्याच्याकडून लिहून घ्या. मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा, दिव्यांग ओळखपत्राची झेरॉक्स लावा, गल्लीचे पावसातले दोन फोटो लावा आणि शिक्क्यासह पोच घ्या. पंचायतीचं काम या पावसाळ्यात होईल या भरवशावर मात्र राहू नका. तो अर्ज पुढच्या वर्षासाठी आहे.

आता उंबऱ्याकडं. घरासमोर दोन पायऱ्या मिळून एक फूट उंची असेल तर उताराला बारा फूट लांबी हवी. १२ ला १ हे प्रमाण कोरड्यात एकट्यानं चढण्यासाठी आहे. ओल्या हातांनी तेही जड जातं, म्हणून उतारावर पत्र्याचं छप्पर घालणं हा उताराचाच भाग समजा. खाली चकचकीत टाइल नको. शहाबादी घालणार असाल तर न घोटलेली बाजू वर ठेवा आणि ग्राइंडरनं दर दहा सेंटीमीटरवर आडव्या खाचा मारून घ्या. चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या आपल्या पावसात कडेनं सुटतात आणि सुटलेली कड चाकात गुंडाळते. शेवाळावर उपाय ब्लीचिंग पावडरचा. दहा लिटरच्या बादलीत दोन-तीन मोठे चमचे घाला, ओतून पंधरा मिनिटं ठेवा, खराट्यानं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. आठवड्यातून एकदा हे झालंच पाहिजे. संडासच्या ॲसिडबरोबर ही पावडर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. खुर्ची तेवढा वेळ लांब ठेवा, कारण ॲल्युमिनियमवर डाग पडतात.

स्कूटर की रिक्षा? आमचं मत स्पष्ट आहे. जूनची सुरुवात आणि सप्टेंबर स्कूटरवर काढा. तरणा आणि म्हातारा ही पावसाची नक्षत्रं, म्हणजे साधारण ५ जुलै ते २ ऑगस्ट, एवढे दिवस मासिक ठरवलेल्या रिक्षानं जा. त्याचं कारण तुमच्या गाडीच्या रचनेत आहे. बाजूची चाकं घट्ट बसवलेल्या स्कूटरचं मधलं मागचं चाक खड्ड्यावर आलं की गाडी बाजूच्या दोन चाकांवर तोलली जाते आणि मधलं चाक अधांतरी फिरत राहतं. पाण्यानं भरलेला खड्डा दिसत नाही, गाडी जागच्या जागी अडकते, आणि तुम्हाला उतरून ढकलता येत नाही. शिवाय ही गाडी वळणावर कलत नाही. वेगात वळलं की भार बाहेरच्या चाकावर जातो, आणि ओल्या रस्त्यावर ती आडवी घसरते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करा, वळताना ब्रेक दाबू नका. रंगवलेले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि रेल्वेचे रूळ पावसात गुळगुळीत होतात. टिळकवाडीच्या बाजूला फाटक ओलांडायचं असेल तर रूळ काटकोनातच पार करा. खुर्चीवरून ओलांडताना पुढची चाकं उचलून घ्या किंवा मागच्या मागं जा, नाहीतर ती रुळाशेजारच्या खाचेत बसतात.

स्कूटरच्या आरसी बुकावर बदलाची नोंद आहे का आणि लायसन्स त्याच प्रकारच्या गाडीचं आहे का, हे पावसाआधी तपासा. घसरून अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारते.

रिक्षावाला ठरवताना भाड्याआधी खुर्चीचं बोला. त्याला एका कोरड्या दिवशी बोलावून दोनदा चढ-उतार करून बघा. खुर्ची उचलायची ती खालच्या चौकटीला धरून, हात टेकायच्या दांड्याला किंवा पाय ठेवायच्या पट्टीला धरून नव्हे. ते भाग निघून हातात येतात. रिक्षाची सीट खुर्चीपेक्षा उंच असते, म्हणून जाताना चढावर सरकावं लागतं. रिक्षा रस्त्याच्या खालच्या अंगाला आणि खुर्ची वरच्या अंगाला उभी केली की हा फरक बराच कमी होतो. सरकायची फळी वापरत असाल तर ती कोरडी पुसूनच लावा. ओल्या फळीवरून माणूस हवं त्यापेक्षा वेगानं सरकतो, आणि ओली पँट फळीला चिकटली तर कातडी ओढली जाते. तुम्हाला जाणीव नसल्यामुळं हे ओरखडे रात्री कपडे काढताना कळतात. चढेपर्यंत डोक्यावर ताडपत्री धरायला कुणी असेल तर बरं, नाहीतर उतारावरचे पत्रे चार फूट पुढं रस्त्याकडं वाढवा आणि रिक्षा त्याखाली घ्या.

एक सूचना महागडी वाटेल, पण सगळ्यात जास्त उपयोगी तीच आहे: ऑफिसात दुसरी खुर्ची ठेवा. जुनी, साधी, दवाखान्यात असते तशी चालेल. चिखलाची खुर्ची दाराशी राहील, तुम्ही कोरड्या खुर्चीत बसाल आणि साहेबांच्या फरशीवर चाकांच्या रेघाही उमटणार नाहीत. साधनांसाठीच्या केंद्राच्या ॲडिप योजनेत किंवा राज्याच्या दिव्यांग कल्याण खात्यात अर्ज करता येतो. त्याची कागदपत्रंही वर सांगितलेल्या कार्यकर्त्याकडूनच करून घ्या.

आता तुमच्या बर्फाच्या व्हिडिओंबद्दल. त्या देशांतल्या माणसांच्या अडचणी खऱ्या आहेत. बर्फ पुढच्या चाकापुढं साचतो, गोठलेल्या पाण्यावर चाक फिरतं पण खुर्ची जात नाही, लोखंडाला हात लावला की बोटं बधिर होतात. खिळ्यांचे टायर गोठलेल्या बर्फात रुततात म्हणून धरतात. आपल्या फरशीवर आणि ओल्या काँक्रीटवर तेच खिळे घसरतील आणि फरशीही ओरबाडतील. पुढच्या चाकाखालच्या पट्ट्या बर्फावर तरंगत सरकतात. राडीत त्या सरकत नाहीत, चिकटतात. चाकातली हवा कमी करण्याचा सल्लाही तुम्हाला त्या व्हिडिओंत दिसेल. तो इथं नको, कारण घडीच्या खुर्चीचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. हवा कमी झाली की टायर आत जातो, ब्रेक पोचत नाही, आणि तुम्ही रिक्षात सरकत असताना खुर्ची मागं पळते. टायरच्या कडेवर जेवढा दाब छापलेला आहे तेवढी हवा दर आठवड्याला भरा. मग ब्रेक लावून चाक हातानं फिरवून बघा. फिरलं तर ब्रेकचे ॲलन बोल्ट सैल करून तो दोन-तीन मिलिमीटर चाकाकडं सरकवा.

त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार काढण्याची युक्ती. पायाच्या पट्टीला पकडणारं एक मोठं तिसरं चाक मिळतं. ते लावलं की छोटी चाकं जमिनीपासून उचलली जातात आणि खुर्ची तीन मोठ्या चाकांवर चालते. राडीतही ते चालतं. पण ते सलग, न निघणाऱ्या पायपट्टीच्या खुर्चीसाठी असतं. तुमच्या घडीच्या खुर्चीच्या बाजूला फिरणाऱ्या पायपट्ट्यांना लावलं तर सगळा जोर त्यांच्या बिजागरीवर येऊन ती तुटेल. उद्यमबागेतला कुणी फॅब्रिकेटर ‘मी बनवून देतो’ म्हणेल, आणि बनवेलही सुबक. तरीही घडीच्या खुर्चीला लावू नका. असंच पण मोटर असलेलं साधन आपल्या देशातही तयार होतं. आयआयटी मद्रासमधल्या संशोधनातून २०२१ मध्ये आलेलं निओबोल्ट त्यांपैकीच. पुढं कधी खुर्ची बदलाल तेव्हा त्याचा विचार करा, आणि किती पावसात ते चालवायचं हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

यंदापुरती बिनखर्चाची युक्ती वापरा. वाईट तुकड्यावर खुर्ची उलटी फिरवा आणि भावाला मागच्या मुठी धरून आपल्याकडं ओढत न्यायला सांगा. मोठी चाकं पुढं होतात, छोटी नुसती मागून येतात. उचलण्यापेक्षा यात त्याच्या कमरेवर फार कमी ताण येतो. उतारावर खाली जातानाही हीच दिशा ठेवा. तुमचं तोंड चढाकडं, भाऊ खालच्या अंगाला. ओल्या उतारावर पुढं तोंड करून एकट्यानं सुटू नका, चाकं ढकलायच्या कड्या ओल्या असल्या की खुर्ची हातांनी थांबवता येत नाही.

नक्षीचे टायर हवेच असतील तर माप बघून घ्या, इथं पुष्कळ लोक फसतात. खुर्चीच्या चोवीस इंची टायरवर बहुधा ३७-५४० असं छापलेलं असतं. सायकलच्या दुकानात मिळणारा चोवीस इंची जाड टायर ५०७ चा असतो. इंच तेच, पण रिम वेगळी, तो बसत नाही. ५४० आकडा असलेलाच मागा.

चाक हातानं ढकलायची कडी पावसात निसटते. चामड्याचे हातमोजे भिजून साबणासारखे होतात. तळव्याला नायट्राइल रबर लावलेले कामगारांचे हातमोजे उद्यमबागेतल्या कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळतात. दोन जोड घ्या आणि एक कोरड्या पिशवीत ठेवा. बोटांवर चीर-खरचटणं असेल तर जलरोधक पट्टी लावा. चाकाला लागलेलं गटाराचं पाणी थेट तुमच्या हाताला लागतं, आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप अशाच जखमेतून शिरतो. पोचल्यावर आधी साबणानं हात, मग डबा.

खुर्ची पावसाळ्यात कुरकुरायला लागते ती बेअरिंगमुळं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. त्याच्यापुढं झेडझेड असेल तर झाकणं पत्र्याची आहेत. धूळ अडते, पाणी आत जातं, गंज धरतो. जुनं बेअरिंग खिशात घालून दुकानात जा आणि त्याच नंबरचं २आरएस, म्हणजे रबरी सीलचं मागा. पुढच्या दोन चाकांची आणि ती चाकं ज्यावर फिरतात त्या उभ्या दांड्यांची, अशी सगळी एकदमच बदला. रोज संध्याकाळी पाइप लावून जोरात पाणी मारू नका, सीलच्या आत पाणी ढकललं जातं. ओल्या फडक्यानं चिखल काढा, कोरड्यानं पुसा, पुढच्या चाकाच्या आसाला गुंडाळलेले दोरे-केस चिमट्यानं काढा. मागची चाकं काढता येत असतील तर आस पुसून पातळ तेलाचा एक थेंब द्या. ग्रीस लावलं तर त्यावर चुरी बसून आस घासतो.

रेनकोट बाजारातला घेऊ नका, शिवून घ्या. उभ्या माणसाचा रेनकोट बसल्यावर मागं गोळा होतो, बाजूला चाकात अडकतो आणि मांडीत पाण्याचं डबकं करतो. बॅगा आणि रिक्षाचे पडदे शिवणाऱ्या कारागिराला हे मापाचं काम जमतं. डोक्यातून घालायची खोळ करायची. पुढची लांबी गळ्यापासून गुडघ्यावरून नडगीच्या निम्म्यापर्यंत, साधारण १३० सेंटीमीटर, पण खुर्चीत बसूनच मोजा. मागची फक्त सीटपर्यंत, साठ-पासष्ट. दोन्ही बाजूंना कापड मांडीच्या कडेला संपलं पाहिजे, चाकाच्या वर पाच सेंटीमीटर मोकळे राहू द्या. खाली दोन इलॅस्टिकचे फासे, पायाच्या पट्टीत अडकवायला, म्हणजे वाऱ्यानं उडणार नाही. बाह्यांना मनगटावर इलॅस्टिक हवं, नाहीतर कडी ढकलताना हात वर-खाली होतो तसं पाणी कोपरापर्यंत उतरतं. आतून शिवणीवर टेप मारायला सांगा, कारण गळती कापडातून नाही, सुईच्या भोकांतून होते. छत्री खुर्चीला बांधू नका. जुलैतला आपला वारा ती उलटी करतो आणि खुर्चीही ओढतो.

कपड्यांपेक्षा महत्त्वाचं आसन. तुम्हाला जाणीव नाही, म्हणून ओल्या गादीवर तासभर बसलात तरी कळणार नाही. भिजलेली कातडी मऊ पडते, आणि मऊ कातडीवर दाब व घर्षण आलं की बेडसोर धरतो. तो भरून यायला महिने लागतात. सगळ्या पावसाळ्याचे खाडे मोजले तरी तेवढे होणार नाहीत. फोमला आतून जलरोधक कापडाचं घट्ट आवरण शिवा आणि वर नेहमीचं ताणणारं कव्हर ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी घालू नका. तिच्या चुण्या पडतात आणि त्या चुणीचाच दाब लागतो. ऑफिसच्या कपाटात एक कोरडं कव्हर, एक पँट, एक चड्डी, टॉवेल कायम ठेवा, आणि पोचल्यावर बदलल्याशिवाय टेबलाकडं जाऊ नका. दर अर्ध्या तासानं पुढं वाकून दोन मिनिटं भार काढायची सवय पावसातही मोडू नका. रात्री आरशानं बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या भागावर पुन्हा बसायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

वाटेत लघवीची अडचण नको म्हणून बरेच जण पावसाळ्यात पाणी कमी पितात. थंडीत तहानही लागत नाही. त्यातून लघवीचा संसर्ग होतो आणि ताप येऊन आठवडा जातो. पाणी नेहमीइतकंच प्या. कॅथेटर वापरत असाल तर रस्ता तुंबून उशीर होईल हे धरून एक जादा, कोरड्या पिशवीत ठेवा.

साचलेल्या पाण्याचा नियम कडक ठेवा. पुढच्या चाकाचा आस बुडेल एवढं, म्हणजे चार इंच पाणी असेल, किंवा पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल, तर जायचं नाही. पाण्याखाली उघडं गटार असतं. विजेच्या खांबाला आणि लोंबत्या तारेला हात लावू नका. तार पडलेली दिसली तर हेस्कॉम या वीज कंपनीला १९१२ वर फोन करा.

राहिलं ऑफिस. साहेब बोलण्याची वाट बघू नका, मे महिन्यातच लेखी द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण करायचं आहे, आणि वीस किंवा जास्त कामगार असतील तर त्या धोरणात दिव्यांगांना काय सोयी दिल्या आहेत हे खासगी कारखान्यालाही लिहावं लागतं. पत्रात कायद्याची एक ओळ पुरे, बाकी मागण्या मोजक्या आणि स्वस्त ठेवा: दाराजवळची छपराखालची गाडीची जागा, दारात जाड रबरी पायपुसणं, दुसऱ्या खुर्चीला कोपरा आणि कपड्यांना कपाट, जून ते सप्टेंबर येण्याच्या वेळेत अर्ध्या तासाची सवलत. शिवाय हवामान खात्यानं रेड अलर्ट दिलेल्या दिवशी, म्हणजे चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पावसाचा इशारा असेल तेव्हा, हिशेबाचं काम घरून करायची मुभा. जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात ती ऑफिसला लागू नसते, म्हणून ही गोष्ट आधीच ठरवून घ्यायला हवी. निर्णय आदल्या संध्याकाळी घ्यायचा आणि त्याच वेळी साहेबांना कळवायचं, सकाळी नऊला नाही. महिनाअखेरीच्या पगाराच्या दिवसांत तुमची जागा कोण बघेल तेही पत्रातच सुचवा. नाव तुम्हीच सुचवलंत तर मालकाला ‘हो’ म्हणणं सोपं जातं. पत्राची एक प्रत सही-तारखेसह स्वतःकडं ठेवा.